विश्लेषण : खांदेदुखीवर इंजेक्शन घ्यावे की फिजिओथेरपी करावी? सहा आठवड्यांचे उत्तर वेगळे आणि वर्षाचे वेगळे, ते का?

वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि खांद्यातून कळ गेली. दोन-चार दिवस बाम लावून पाहिला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. घरात कुणी म्हणाले, वात असेल. कुणी म्हणाले, रात्री हात अंगाखाली आला असेल. तीन आठवडे उलटले तरी त्या कुशीवर झोपता येईना, तेव्हा दवाखाना गाठला. तिथे बहुतेकांसमोर दोन वाटा येतात. एक, खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन. पाच मिनिटांचे काम. दुसरी, फिजिओथेरपी. म्हणजे आठ-दहा फेऱ्या, घरी रोजचा व्यायाम आणि बराचसा धीर. यावर घरोघरी ठाम मते असतात. 'स्टिरॉइड असेल तर नकोच' हे एक मत आणि 'व्यायामाने काय होते, शेजारच्या काकूंना एका सुईत आराम पडला' हे दुसरे. गेल्या २५ वर्षांत या दोन उपचारांची थेट तुलना करणाऱ्या चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे निकाल दोन्ही मतांची थोडी पंचाईत करणारे आहेत.

दुखते ते नेमके काय?

खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याचा सांधा बशीसारखा उथळ. त्यामुळे हात जवळपास सगळ्या दिशांना फिरतो. पण दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचे काम मात्र हाडांऐवजी स्नायूंवर येते. पाठीवरच्या फऱ्यापासून निघालेले चार स्नायू या गोळ्याला शर्टाच्या बाहीच्या कफसारखे वेढून असतात. त्यांनाच 'रोटेटर कफ' म्हणतात. या स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे म्हणजे टेंडन. त्यातला वरचा टेंडन हाडाच्या एका छपराखालून जातो आणि तिथे घर्षण होऊ नये म्हणून मध्ये एक पातळ, ओलसर पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात.

खांदेदुखीच्या बहुतेक तक्रारी या टेंडनच्या आणि बर्साच्या असतात. वाढते वय, रंगकाम-सुतारकामासारखे हात सतत वर ठेवून करायचे काम, किंवा वर्षभर काही न करता एका रविवारी अख्खे घर आवरायला घेणे, अशी कारणे त्यामागे निघतात. पूर्वी या दुखण्याला सरसकट 'इम्पिंजमेंट' म्हणत. छपराखाली टेंडन चिमटतो, असा त्यामागचा समज. मग ते छप्पर दुर्बिणीतून तासण्याच्या शस्त्रक्रियाही भरपूर झाल्या. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधील ३१३ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचे हाड खरोखर तासले होते, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली होती. दोन्ही गटांत रुग्णाला जाणवेल एवढा फरक निघाला नाही. तेव्हापासून हा शब्द मागे पडतो आहे, केसपेपरवर मात्र अजून सर्रास दिसतो.

एमआरआयच्या अहवालाबाबतही असेच. 'पार्शल टिअर' हे दोन शब्द वाचून अनेकांची झोप उडते. जपानमधील एका डोंगराळ गावात ६८३ जणांचे खांदे तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०.७ टक्के खांद्यांत रोटेटर कफ फाटलेला आढळला आणि ज्यांना कसलीही तक्रार नव्हती त्यांच्यातही हे प्रमाण १६.९ टक्के होते. पन्नाशी-साठीनंतर चित्रात काहीतरी फाटलेले दिसणे हे बऱ्याचदा केस पिकण्यासारखेच असते. ते दुखण्याचे कारण आहे की नाही, हे हात तपासून ठरवावे लागते.

प्रत्येक दुखरा खांदा 'फ्रोझन' असतो का?

नाही. आणि उपचार निवडताना सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. चाळिशीपुढच्या कुणाचाही खांदा दुखला की 'फ्रोझन शोल्डर' झाला, असे म्हणायची पद्धत पडली आहे. हे नाव १९३४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी दिले, तेव्हा त्यांच्यासमोर एक ठरावीक आजार होता. त्यात सांध्याभोवतीचे आवरण, म्हणजे कॅप्सूल सुजते, जाड होते आणि आक्रसत जाते. सुरुवातीला रात्री झोपू न देणारे दुखणे, मग खांदा आखडणे आणि शेवटी हळूहळू मोकळा होणे, असा त्याचा प्रवास एक ते तीन वर्षे चालू शकतो. ४० ते ६० या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त दिसतो. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असलेल्यांना त्याचा धोका अधिक.

ढोबळ फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. कोपर बरगड्यांना चिकटवायचे, काटकोनात वाकवायचे आणि दार उघडावे तसा पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. फ्रोझन शोल्डरमध्ये हात बाहेर जातच नाही. दुसऱ्या कुणी धरून नेला तरी तिथेच अडतो. रोटेटर कफच्या दुखण्यात स्वतः हात उचलताना खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ येते, पण हात सैल सोडला आणि दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. पाठीमागचे हूक लावता न येणे, मागच्या खिशातले पाकीट काढता न येणे या तक्रारी दोन्हींत असतात, त्यामुळे तेवढ्यावर निदान करू नये. सांध्याची झीज झाली असली तरीही हात असाच अडू शकतो. म्हणून एक्स-रे काढतात. फ्रोझन शोल्डरमध्ये तो सहसा स्वच्छ येतो.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती न करता इंजेक्शन भरले गेले किंवा व्यायामाचा कागद हातात दिला गेला, तर पुढचे सगळे अंदाजपंचे.

इंजेक्शनमध्ये असते काय?

बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम, आणि सोबत बऱ्याचदा लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध. ही कॉर्टिकोस्टिरॉइड आहेत. व्यायामशाळेत शरीर फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइड वेगळी. नाव एकच असल्याने दोन्हींची बदनामी एकत्र होते. कॉर्टिसोनचा सांधेदुखीवर पहिला प्रयोग १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झाला. त्यामागच्या कामासाठी फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे औषध थेट सांध्यात टोचले जाऊ लागले.

इंजेक्शन कुठे द्यायचे हे निदानावर ठरते. टेंडन-बर्साचे दुखणे असेल तर हाडाच्या छपराखालच्या जागेत, फ्रोझन शोल्डर असेल तर सांध्याच्या आत. लिग्नोकेनने पहिले काही तास हात हलका वाटतो. त्याचा असर उतरला की दुखणे परत येते, काहींना तर एक-दोन दिवस आधीपेक्षा जास्त दुखते, आणि 'इंजेक्शन फुकट गेले' असे वाटून लोक दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. स्टिरॉइडचा खरा परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो. ते सूज आणि दाह उतरवते. फाटलेला टेंडन जोडत नाही, दुबळा स्नायू बळकट करत नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून दिलेले इंजेक्शन जास्त गुणकारी असते का, हा प्रश्न शहरांत हल्ली अनेकांना पडतो, कारण त्याचे वेगळे पैसे लागतात. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेने २०२१ मध्ये याचा आढावा घेतला. रुग्णाच्या दुखण्यात आणि हालचालीत त्याने फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला.

थेट तुलना केली तेव्हा काय दिसले?

अमेरिकेतील एका लष्करी रुग्णालयात झालेली आणि २०१४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात सर्वाधिक चर्चिली जाते. खांदेदुखीचे १०४ रुग्ण. निम्म्यांना ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या हातून सांधे-स्नायू मोकळे करण्याची सहा सत्रे. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे आणि अडचणी सुमारे ५० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. सरशी कुणाचीच नाही.

पण त्याच चाचणीत आणखी एक नोंद आहे आणि बातम्यांमध्ये ती सहसा येत नाही. वर्षभरात खांद्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावे लागलेले इंजेक्शन गटात ६० टक्के होते, फिजिओथेरपी गटात ३७ टक्के. पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागले ते अनुक्रमे ३८ आणि २० टक्क्यांना. इंजेक्शन गटातल्या १९ टक्के रुग्णांना शेवटी फिजिओथेरपीही घ्यावी लागली. म्हणजे पाच मिनिटांत काम झाले असे ज्यांना वाटले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फेऱ्या पुढे ढकलल्या गेल्या होत्या एवढेच.

मग इंजेक्शनने आराम पडलेल्या काकूंचे काय? त्याही बरोबरच आहेत. ब्रिटनमध्ये २३२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या चाचणीत एका गटाने नुसता व्यायाम केला, दुसऱ्याने आधी इंजेक्शन घेऊन मग व्यायाम. पहिल्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात इंजेक्शनवाले पुढे होते. बाराव्या आठवड्यात दोघेही एकाच ठिकाणी आले. आलेख काढला तर सुरुवातीला दोन रेषा फाकतात आणि पुढे एकमेकींना येऊन मिळतात. इंजेक्शन चांगले की व्यायाम, याचे उत्तर कुठल्या आठवड्यात विचारले यावर अवलंबून आहे ते असे.

एका सत्रात भागते का?

खांदेदुखीवरची अलीकडची सर्वात मोठी चाचणी म्हणजे ब्रिटनची 'ग्रास्प'. २०२१ मध्ये ती 'द लॅन्सेट'मध्ये आली. रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण चार गटांत विभागले. काहींना फिजिओथेरपिस्टकडे १६ आठवड्यांत सहापर्यंत सत्रे, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम. काहींना फक्त एक सत्र, साधारण तासभराचे. त्यात दुखणे काय आहे ते समजावून सांगितले, घरी करायचा साधा व्यायाम शिकवला, पुस्तिका आणि व्हिडीओ दिले. या दोन्ही प्रकारांत पुन्हा निम्म्यांना आधी इंजेक्शन, निम्म्यांना नाही.

वर्षभराच्या हिशेबात सहा सत्रे आणि एक सत्र यांत फरक आढळला नाही. इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातही नाही. इंजेक्शनचा थोडा फायदा दिसला तो आठव्या आठवड्याला, आणि तोही लहान.

एक पथ्य इथे पाळायला हवे. या चाचणीत काहीच उपचार न केलेला गट नव्हता. त्यामुळे वर्षभरात आलेल्या सुधारणेतला किती भाग व्यायामाचा आणि किती निव्वळ काळाचा, हे त्यातून सांगता येत नाही. बरेच खांदे कालांतराने आपोआपही बरे होतात.

तरीही महाराष्ट्रासाठी हा निकाल इंजेक्शनच्या वादापेक्षा महत्त्वाचा ठरावा. इकडे फिजिओथेरपी अर्धवट सुटते ती बहुधा पटत नाही म्हणून सुटत नाही. एसटीने तालुक्याला यायचे, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, सत्राचे काही शे रुपये द्यायचे आणि हे आठवड्यातून तीनदा. चौथ्या फेरीला माणूस थांबतो आणि मनाशी म्हणतो, आपल्याच्याने काही हे होत नाही. तासभर बसून नीट शिकवलेला आणि घरी चिकाटीने केलेला व्यायाम सहा फेऱ्यांच्या तोडीचा ठरू शकतो, हे अशा रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. 'दहा दिवसांचे पॅकेज घ्या' हे वाक्य मात्र त्याला आधी ऐकू येते.

आणखी एक. या चाचण्यांत 'फिजिओथेरपी' म्हणजे व्यायाम आणि हाताने केलेले उपचार. आपल्याकडे अनेक ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे पाळीने पलंगावर झोपवून वीस मिनिटे मशीन लावणे, असे समीकरण झाले आहे. मशीनने तात्पुरते बरे वाटेल, पण वरचे निकाल मशीनचे नाहीत. दहा दिवसांत एकही व्यायाम शिकवला गेला नसेल, तर 'फिजिओथेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही' असे म्हणता येणार नाही. ती झालेलीच नाही.

फ्रोझन शोल्डरमध्ये इंजेक्शनचे पारडे जड का?

इथे गणित बदलते. १९९८ मध्ये 'बीएमजे'ने नेदरलँड्समधील चाचणी प्रसिद्ध केली. दुखऱ्या आणि आखडलेल्या खांद्याचे १०९ रुग्ण होते. सात आठवड्यांनी इंजेक्शन गटातले ७७ टक्के रुग्ण बरे किंवा बरेच सुधारलेले मोजले गेले, फिजिओथेरपी गटातले ४६ टक्के. दरी मोठी होती. मात्र सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा मोजले तेव्हा ती बरीच भरून आली होती. २०२० मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये ६५ अभ्यासांचे आणि ४,०९७ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण आले. फ्रोझन शोल्डरला वर्ष झालेले नसेल तर सांध्यात लवकर इंजेक्शन आणि जोडीला घरचा व्यायाम, अशी शिफारस त्यात आहे.

कारण सरळ आहे. सुरुवातीच्या काळात या आजारात दाह जोरात असतो. रात्र-रात्र झोप नाही, हात हलवला की डोळ्यांत पाणी. अशा खांद्याला जबरदस्तीने ताणले तर तो आणखी चिडतो आणि रुग्ण व्यायामाचा धसका घेतो. तेव्हा आधी दाह उतरवून मग हालचाल सुरू करणे शहाणपणाचे. उलट आजाराला दीड वर्ष होऊन गेले आहे, दुखणे जवळपास नाही, फक्त खांदा जाम आहे, अशा वेळी इंजेक्शनला उतरवायला दाह फारसा उरलेलाच नसतो. याच टप्प्यावर काही जण हाडवैद्याकडे जाऊन झटका देऊन खांदा 'मोकळा' करून घेतात. शस्त्रक्रियागृहात, भूल देऊन, तज्ज्ञाने हे केले तरी दंडाचे हाड मोडण्याचा धोका असतो. घरच्या ओट्यावर तो किती असेल याचा विचार करावा.

भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीतून आवरण कापणे यांची गरज किती, हेही तपासले गेले आहे. ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या 'यूके फ्रॉस्ट' चाचणीत (२०२०) या दोन्हींची तुलना इंजेक्शनसह फिजिओथेरपीशी केली गेली. वर्षाने तिन्ही गट सुधारले होते आणि कुठलाही एक उपचार ठळकपणे सरस निघाला नाही. फिजिओथेरपी गटातल्या काहींना पुढचे उपचार लागले, तर गंभीर गुंतागुंती शस्त्रक्रियेच्या बाजूला जास्त होत्या.

मधुमेह असेल तर?

देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने दिला. त्यात सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले होते. मधुमेह असलेल्यांना फ्रोझन शोल्डरचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. थोडक्यात, ज्यांना इंजेक्शनचा फायदा होऊ शकतो असे रुग्ण आणि ज्यांनी इंजेक्शन जपून घ्यावे असे रुग्ण, हे आपल्याकडे बऱ्याच अंशी एकच आहेत.

खांद्यात टोचलेले स्टिरॉइड थोडे रक्तात उतरते आणि साखर वाढवते. ही वाढ साधारण पहिल्या दिवसापासून दिसते आणि काही दिवस, कधी आठवडाभर टिकते. साखर आटोक्यात असलेल्या बहुतेकांना ती झेपते. पण एचबीए१सी आधीच वर असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवावी. आठवडाभर घरच्या ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा जास्त वेळा साखर मोजावी आणि गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नये. अडचण अशी की खांद्याच्या डॉक्टरांना साखरेबद्दल सांगायचे रुग्णाला सुचत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत विचारायचे डॉक्टरांकडून राहून जाते. चार दिवसांनी साखर ३०० च्या वर दिसते आणि घरात शोध सुरू होतो, गोड कुणी खाल्ले.

अशा रुग्णांत इंजेक्शन टाळायचे ठरले, तर व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली साधी वेदनाशामके यांवर जास्त काळ काढावा लागतो. तो काढता येतो, फक्त तसे आधी सांगितले गेले पाहिजे.

किती इंजेक्शने घेता येतात?

एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर नकोत आणि दोनांत काही आठवड्यांचे अंतर हवे, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण दंडक आहे. वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने टेंडन कमजोर होण्याची भीती असते. काहींची टोचलेल्या जागची त्वचा पांढुरकी पडते, तिथे खड्डा पडतो. सावळ्या त्वचेवर तो डाग उठून दिसतो. सांध्यात जंतुसंसर्ग होणे विरळा, पण झाला तर गंभीर. खांद्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच्या महिन्यात इंजेक्शन टाळतात, कारण शस्त्रक्रियेनंतर संसर्गाचा धोका त्याने वाढतो.

पहिल्या इंजेक्शनचा असर महिनाभरात ओसरला आणि दुसऱ्याचाही तसाच, तर तिसरे मागण्याआधी निदान पुन्हा तपासून घेणे बरे. दुखणे मानेतून येत असेल तर खांद्यात कितीही सुया टोचल्या तरी काय होणार?

आणि काही दुखण्यांत या दोन्ही वाटा बाजूला ठेवाव्या लागतात. पडल्यानंतर किंवा झटक्यानंतर हात एकाएकी उचलताच येत नसेल, तर टेंडन पूर्ण फाटला असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी तीन महिने व्यायामात घालवणे महागात पडू शकते. ताप, खांद्यावर लाली आणि सूज, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. जिना चढताना डावा खांदा भरून येतो, सोबत छातीत दडपण आणि घाम, हे खांद्याचे दुखणे समजू नये. तिथे आधी ईसीजी.

इंजेक्शन घेतले, दुखणे थांबले. पुढे काय?

नेमकी याच ठिकाणी सर्वात मोठी चूक होते. रात्री झोप लागते, हात वर जातो आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली राहते. इंजेक्शनने मिळालेले सहा-आठ आठवडे हे व्यायाम करता यावा म्हणून मिळालेले असतात. ते तसेच गेले आणि माळे साफ करणे, रंगकाम, जिममधले जुने वजन पुन्हा सुरू झाले, तर दुसऱ्या इंजेक्शनची तारीख जवळ येते.

पहिले एक-दोन दिवस हाताला जड काम देऊ नये; पण तो गळ्यात अडकवूनही ठेवू नये. नंतर टेबलाला एका हाताने टेकून, वाकून, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवणे. मग झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर आणि बाजूला ढकलणे. भिंतीवर बोटे चालवत वर नेणे आणि कुठवर पोहोचलो तिथे पेन्सिलने खूण करणे. दर आठवड्याला खूण सरकते की नाही हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येते. रोटेटर कफचे दुखणे असेल तर यापुढे रबरी पट्टा किंवा पाण्याची बाटली घेऊन ताकदीचे व्यायाम येतात. ते कोणते, किती आणि कधी वाढवायचे, हे ठरवण्यासाठी तरी फिजिओथेरपिस्टची एक भेट लागतेच. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नये.

व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते का? चालते. करताना दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले, तर तेवढेच चालू ठेवायचे. सकाळीही ठणकत असेल, तर संख्या निम्मी करायची आणि दोन दिवसांनी पुन्हा वाढवून पाहायची.